सचिवांचा कॅल्क्युलेटर

कोल्हापूर,
१२ जानेवारी

प्रिय मन्या,

स. न.

तुझ्या दुकानदारांच्या अ‍ॅपचा व्हिडिओ तीनदा पाहिला. फोनवर नुसतं "भारी आहे रे" म्हणून गप्प बसलो ते तुला लागलं, असं वहिनींकडून कळलं. शाळेत माझी चित्रकलेची वही बघून तू असंच "भारी" म्हणायचास आणि मला बरोबर कळायचं की काहीतरी बिघडलंय. म्हणून आज लिहायला बसलोय. काल अकरा तारीख होती, दुधाची बिलं सगळीकडे सुरळीत निघाली, त्यामुळे आज फोन शांत आहे.

तू नोकरी सोडतोयस, बेंगळुरूच्या घराचे हप्ते चालू आहेत, तेव्हा तोंडदेखलं बोलून भागणार नाही. अ‍ॅप देखणं आहे. पुढच्या आठवड्यात तूरडाळ किती खपेल, साबण कधी मागवावा, सगळं सांगतं. माझा प्रश्न एवढाच आहे, लक्ष्मीपुरीतल्या दुकानात काका ते वापरतात का? नसतील तर का नाही, हे बघायला त्यांच्या गल्ल्याशेजारी एक संध्याकाळ तरी बसलास का?

२०१७ साली मला कुणी हे विचारलं असतं तर मीही चिडलो असतो. दूध संस्थांसाठीचं आमचं पहिलं अ‍ॅप आठवतंय ना? त्याचा हिरवा लोगो तूच करून दिला होतास. त्यात दुधातल्या फॅटचा महिन्याचा आलेख होता, दोन म्हशींची तुलना होती, लसीकरणाची आठवण होती. राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेत चेअरमनांच्या हस्ते नारळ फोडला, पेढे वाटले. महिन्याभराने सर्व्हरवर पाहिलं, तर रोज अ‍ॅप उघडणारा माणूस एकच, आणि तो मी.

कारण कळायला फार डोकं लागलं नाही. दूध घालायला येते ती आई नाहीतर सासू. फोन मुलाच्या खिशात, आणि मुलगा पहाटेच शिरोलीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. आलेख बघायचा कुणी, म्हशीनं?

मग मी त्या संस्थेत जाऊन बसलो. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, पैसे संपत आले होते आणि ऑफिसात बसून भांडणं व्हायला लागली होती म्हणून. पहाटे साडेपाच वाजता दारात किटल्यांची रांग. सचिव खुर्चीवर, एका हाताशी फॅटचं मशीन, दुसऱ्या हाताशी काटा. बाई किटली ओतते, पोरगा बाटलीत सॅम्पल घेतो, मशीनवर आकडा येतो, सचिव तो रजिस्टरात लिहितात, बाईच्या कार्डावर लिहितात, पुढची बाई. सव्वासातला दूध संघाची गाडी येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. तेवढ्यात दीड-पावणेदोनशे लोक उरकायचे म्हणजे माणशी अर्धं मिनिट, फार तर थोडं वर.

आणि आम्ही संस्थेत बसवलेल्या संगणकावरच्या नोंदीत काय होतं? नाव शोधा, यादीतून निवडा, 'जतन करा' वर माऊस न्या. सचिवांनी पहिल्याच दिवशी माऊस उचलून खिडकीत ठेवला. त्यांचा एक हात कायम दुधाने ओला. शिवाय सगळे सभासद त्यांना नंबराने पाठ. 'एकशे बेचाळीस' म्हटलं की माणूस, त्याचं घर, किती म्हशी, किती उचल थकली, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. आम्ही परत येऊन तो नोंदीचा पडदा मोडून नव्याने लिहिला. आता फक्त उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर काम चालतं: नंबर, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर. नाव मोठ्या अक्षरांत दिसतं, ते चुकून दुसऱ्याच्या नंबरावर दूध पडू नये म्हणून. लाईट गेली तरी शेवटची नोंद जागेवर असते, आणि नेट आलं की माहिती वर जाते. पावसाळ्यात राधानगरीकडे दोन्ही कधी येतील याचा नेम नाही, हे तुला सांगायला नको.

गंमत बघ. काका ज्या टॅलीवर हिशेब ठेवतात, ती १९८६ ची. गोयंका म्हणून बेंगळुरूचे व्यापारी, त्यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाने ते घरीच लिहिलं. खात्याला सांकेतिक क्रमांक नको, सरळ नाव लिहा, ही त्याची खुबी. आमच्या सचिवांना नेमकं उलटं हवं होतं, नाव नको, नंबर द्या. टॅलीचं बघून आम्ही नावांवर अडून बसलो असतो तर ती रांग रस्त्यावर गेली असती.

आता जरा लाज वाटणारी गोष्ट सांगतो. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही यंत्राला बोलतं केलं. "एकशे बेचाळीस, चार लिटर, फॅट सहा पॉइंट एक." आम्ही खूश. आठवड्याभराने एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरा, त्या मशीनीला फॅट मोठ्यांदा सांगू नको म्हणावं. चारचौघांत अब्रू जातीया." तिची म्हैस नुकती व्यालेली, नव्या दुधाला फॅट कमीच लागते. पण आकडा ऐकला की रांगेत कुणीतरी हळूच म्हणायचं, "आज नदीला पाणी लई दिसतंय." तिने तीन दिवस दूध सुनेच्या हाती पाठवलं होतं. आम्ही ज्याची जाहिरात करत होतो त्याच गोष्टीपायी तिला तोंड लपवावं लागलं! त्याच रात्री बदल केला. यंत्र आता फक्त लिटर बोलतं आणि फॅट छापील पावतीवर येते. वाचता येत नाही त्या बाया पावती घरी नेऊन नातवाकडून वाचून घेतात. आमच्या कुठल्याही बैठकीत हे आम्हाला सुचलं नसतं.

साठ पैशांची भानगडही अशीच. पहिल्या दहा दिवसांच्या बिलानंतर एक सभासद तावातावाने आला, साठ पैसे कमी पडलेत म्हणून. मी मनात हसलो. मग शोधलं तर काय, संस्था प्रत्येक वेळची रक्कम जवळच्या दहा पैशांत बसवत होती आणि आम्ही सगळी बेरीज झाल्यावर शेवटी एकदाच. दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ धरून वीस नोंदी, तिथे साठ पैशांचा फरक पडू शकतो. गणितात आम्ही बरोबर होतो. पण गावाने तीस वर्षं एका पद्धतीवर भरवसा ठेवला होता आणि आम्ही आलो त्याला तीस दिवस झाले होते. मुकाट्याने त्यांची पद्धत घातली. दुधातल्या फॅटशिवायच्या घन घटकांचं, म्हणजे एसएनएफचंही तसंच झालं. लॅक्टोमीटरची डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा पाचवा हिस्सा, अधिक एक ठरलेला अंक, असं सूत्र असतं. तो शेवटचा अंक सगळीकडे एक नसतो. आम्ही पुस्तकातला घालून बसलो होतो!

काही गोष्टी मात्र आपोआप समोर आल्या. बिल छापून मिळायला लागल्यावर बायका मागची बिलं पुन्हा मागायला लागल्या. सचिव वैतागले, मला म्हणाले बटण काढून टाका. चौकशी केली तर कळलं की बचत गटात कर्ज मागताना त्या ती बिलं दाखवत होत्या. नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःच्या नावावरची कमाई दाखवणारा हा त्यांचा पहिलाच कागद. केनियात २००७ साली फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा सुरू झालं, त्याची गोष्ट तूच मला कधीतरी सांगितली होतीस. आधीची चाचणी होती लघुकर्जाचे हप्ते फोनवरून फेडण्यासाठी, आणि लोक मात्र एकमेकांना पैसे पाठवायला लागले, मग कंपनीने तेच विकलं. आम्ही बटण काढलं नाही, सभासदाचा नंबर दाबला की मागची सहा बिलं एकदम निघतील असं केलं. सचिवांचा वैतागही गेला.

हे सगळं वाचून मी फार तत्त्वनिष्ठ आहे असं समजू नकोस. पैसे देतात चेअरमन, वापरतात सचिव, आणि उपयोग होतो त्या म्हातारीला. तिघांना तीन गोष्टी हव्यात. चेअरमनांना वार्षिक सभेत मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख हवा होता, वर स्वतःचा फोटो. दिला. दोन दिवसांचं काम होतं आणि त्यावर वर्षाचे पैसे वेळेत आले. फक्त तो आलेख पहाटेच्या पडद्यावर येऊ दिला नाही, त्यावरून मात्र आमची वादावादी झाली.

आमचं बरं चाललंय हे मला कधी कळलं, सांगतो. पूर्वी दर दहा दिवसांनी सचिव आणि त्यांचा भाचा दोन-तीन रात्री जागायचे. पशुखाद्याची कपात, उचल, म्हशीच्या कर्जाचा हप्ता, सगळं वजा करून बिलं लिहायचे. आमचं बिल अर्ध्या तासात निघायला लागलं, तरी सचिव रात्री कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक ओळ तपासत बसायचे. मी काही बोललो नाही. एक बिल झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला त्यांनी फक्त पहिली वीस नावं तपासली. दिवाळीआधी वर्षभराच्या दुधावरचा फरक, म्हणजे वरचे जादा पैसे, वाटायचा होता, त्या रात्री धास्तीने मीच गावात मुक्कामाला गेलो. साडेनऊला बिलं छापून झाली. सचिवांनी गठ्ठा बांधला, कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "चला, जेवून घ्या, घरात वाट बघायल्यात." त्या दिवशी तांबडा-पांढरा इतका जेवलो की विचारू नकोस. अ‍ॅप किती जणांनी उतरवलं ते मी तेव्हापासून पाहिलेलं नाही.

तर काकांचं बघ. मला आठवतं त्याप्रमाणे संध्याकाळी सात ते नऊ त्यांना डोकं वर काढायला फुरसत नसते. उधारीची लांबडी वही गुडघ्यावर, एका कानाला फोन, आणि समोरचं गिऱ्हाईक "मांडून ठेवा" म्हणून चालायला लागलेलं. पुढच्या आठवड्याची तूरडाळ त्यांना झोपेतही कळते, चाळीस वर्षं तेच केलंय. त्यांचं नुकसान होतं ते मांडायचं राहून गेलेल्या उधारीत, असा माझा आपला अंदाज. अंदाजच आहे, चुकीचाही असेल, मी दुधातला माणूस.

नोकरीचा राजीनामा मात्र ते बघितल्याशिवाय देऊ नकोस. येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने नीघ, रविवारी सकाळी पोचशील. संध्याकाळी लक्ष्मीपुरीत पोत्यावर दोघं बसू. लॅपटॉप आणू नकोस, काका बिचकतात. काकूंना सांग, कटवडा एकच घेईन, आता दोन पचत नाहीत.

तुझा,
संज्या

ता. क. तुझा हिरवा लोगो अजून प्रत्येक पावतीच्या डोक्यावर आहे. थर्मल प्रिंटरवर काळा येतो, त्याला इलाज नाही.