कॉइल बदलण्याआधी ओहम मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की जुन्या पेट्रोल जीपा, ॲम्बेसेडर बोनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या दिसतात. निदान ठरलेलं: 'ऊन लागलं, कॉइल गेली भाऊ!' नवी कॉइल (बॅटरीचा दाब वाढवून ठिणगी पाडणारा भाग) बसते, थोड्या दिवसांत तीही जाते. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांवर खापर फोडणं सोपं आहे. पण बहुतेकदा कॉइल आणि तिचा करंट आवरणाऱ्या रेझिस्टरची जोडीच चुकलेली असते.

१२ व्होल्टच्या कॉइली दोन प्रकारच्या. एकीची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडचं वेटोळं, साधारण ३ ओहम रोधाची. ती थेट चालते. दुसरी दीड ओहमची. तिच्याआधी तेवढाच, दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. दिसायला दोन्ही सारख्या, आणि दुकानात आपण 'बारा व्होल्टची द्या' एवढंच म्हणतो. दीड ओहमची कॉइल रेझिस्टरविना जोडली, तर सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना ४ ऐवजी ८ अँपिअर करंट वाहतो. पॉइंट जळतात, कॉइलला हात लावता येत नाही, आतलं तेल पाझरतं. उलट ३ ओहमची कॉइल रेझिस्टरमागे लावली, तर करंट पावणेतीनच्या आसपास. ठिणगी मंद, आणि सकाळी सेल्फ मारता मारता बॅटरी उतरते.

सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते. तेवढ्यापुरती एक वेगळी वायर रेझिस्टर टाळून कॉइलला बॅटरीचा सगळा दाब देते. म्हणून सेल्फवर इंजिन चालू होऊन चावी सोडताच बंद पडत असेल, तर आधी रेझिस्टर पाहा. बहुधा तोच तुटलेला असतो. इथे गॅरेजात रेझिस्टर टाळून 'डायरेक्ट' वायर मारून देतात. गाडी घरी पोचते खरी, पण पुढची कॉइल तिथेच जळायला लागते. रेझिस्टर चालताना चटका बसेल इतका तापतो, तो बिघाड नव्हे. त्यावर टेप गुंडाळू नका.

मोजताना कॉइलच्या वायरी काढा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो ०.३-०.५ आकडा येईल तो कॉइलच्या मापातून वजा करा. दीड ओहमच्या मापात हा फरक लहान नाही.

गाडी तापून थांबली, तर पेट्रोल गळत नाही ना हे पाहून कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने बॉडीपासून ५-६ मिमीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर कॉइल ठीक आहे. पेट्रोलची वाफ अडली असेल. ओलं फडकं मग गाडीतल्या फ्युएल पंपावर ठेवा, कॉइलवर नको.

आपला,
एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)