आमच्या मुलांच्या बाईंना, पालकांकडून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपली बदली दुसऱ्या तालुक्यात झाली, म्हणून डिचोलीतील आम्हा पालकांच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. विशेष शिक्षिकेचे आभार मानताना लोक मुलांच्या प्रगतीविषयी बोलतात. ती आपल्यामुळे झालीच. परंतु आम्हाला आधी ऋण मान्य करायचे आहे ते आपण आईवडिलांना दिलेल्या आधाराचे.

माझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाल्यावर एका शाळेने त्याला सामावून घेणे जमणार नाही असे सांगितले. तेव्हा आपण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील कलम ३१ आमच्यासमोर ठेवून, ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे समजावून दिलेत. पहिल्याच भेटीत, त्याला काय आवडते, कोणत्या आवाजाने तो बिथरतो, घरात तो कोणाचे ऐकतो, हे विचारून आमची उत्तरे त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात आमच्याच शब्दांत लिहून घेतलीत. तोवर सर्वत्र आम्हाला सांगण्यात आले होते. विचारले कोणी नव्हते.

गणेश चवथीला आमच्या मूळ घरी घुमट-शामेळ या चर्मवाद्यांच्या साथीने आरत्या होतात. त्या आवाजाने मुलगा कान झाकून ओरडत असे, आणि आम्हा दोघांपैकी एकाला त्याला घेऊन अंगणात थांबावे लागे. नातेवाइकांच्या नजरा सोसाव्या लागत त्या वेगळ्याच. सणाच्या बऱ्याच आधीपासून घुमट त्याच्या हाती द्यावे, त्याला स्वतः हळू थाप मारू द्यावी, मग फोनवर ध्वनिमुद्रित केलेली आरती अगदी बारीक आवाजात ऐकवून तो थोडाथोडा वाढवावा, आणि प्रत्यक्ष आरतीच्या वेळी मागच्या खोलीचे दार उघडे ठेवून केव्हा यायचे नि केव्हा जायचे हे त्याच्यावरच सोपवावे, असे आपण सुचवलेत. गेल्या चवथीला एक अख्खी आरती तो गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभा राहिला आणि मग आपणहून मागच्या खोलीत गेला. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी पहिल्यांदाच सगळ्या आरत्या म्हटल्या.

सासूबाईंशीही आपण सोप्यावर बसून निवांत बोललात. त्यांच्या नवसाला नावे न ठेवता, नातवाकडून चवळी आणि वाल वेगळे करून घेण्याचे काम त्यांच्याकडे दिलेत. ते आजही दोघांचे रोजचे काम आहे.

दिव्यांगांचे ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, गोवा सरकारची मासिक मदतीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा १ लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमा, या सर्वांचे अर्ज आपण आमच्याकडूनच भरवून घेतलेत. त्यामुळे पुढच्या पालकांना ते समजावणे आता आम्हाला जमते. हे सारे आपण शाळा सुटल्यावर, पुष्कळदा घरची बस चुकवून केलेत, याचे वाईट वाटते. पालकांशी बोलण्यासाठी विशेष शिक्षकांच्या वेळापत्रकातच तास राखून ठेवायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरी उरलेला दिवस मूल आमच्याबरोबरच काढते.

आपण सुरू केलेली शनिवारची पालकसभा चालू आहे. मुख्याध्यापकांनी तोच वर्ग दिला आहे. मागच्या सभेला सत्तरी तालुक्यातून एक नवे जोडपे आले होते. त्यांच्या मुलीचे निदान नुकतेच झाले आहे. अर्जांविषयी आम्ही त्यांना सांगू शकलो, मात्र तिच्या बोलण्यासंबंधीच्या काही प्रश्नांची उत्तरे आमच्यापाशी नव्हती. ते प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून आपल्याकडे पाठवत आहोत. सवडीने उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थ्याची आई
डिचोली, गोवा