ताई, त्या कॉलवर तुम्ही माईक सुरू केलात

प्रिय ताई,

ऑफिसात सगळे तुम्हाला नावानेच हाक मारायचे. मी पहिल्या आठवड्यापासून ताई म्हणत आले आणि तुम्ही कधी अडवलं नाहीत. हे पत्र खरं तर तुम्ही कंपनी सोडलीत त्या दिवशीच हातात द्यायचं होतं, पण धीर झाला नाही. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत तेही सगळ्यांसमोरच केलं होतंत.

मी एल-वनला, म्हणजे युजरच्या तक्रारी सगळ्यात आधी घेणाऱ्या आयटी सपोर्टला, लागले तेव्हा काम म्हणजे डॅशबोर्डवरचे आकडे, एवढंच मला सांगितलं गेलं होतं. कॉल किती मिनिटांत संपला, दिवसभरात किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद झाली. त्याच महिन्यात एका युजरचं अकाउंट सारखं लॉक व्हायचं. आठवड्यात पाच वेळा मी ते अनलॉक केलं, पाच तिकिटं बंद केली, आणि माझं कौतुकही झालं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून शेजारी बसलात. सगळ्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, त्याच्या लॉगमधली इव्हेंट ४७४० ही नोंद उघडून दाखवलीत. त्यात लॉकआउट कुठल्या मशीनवरून होतोय त्याचं नाव असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ते मशीन निघालं मीटिंग रूममधलं. त्या युजर बाईंनी कधीतरी तिथे नेटवर्क ड्राइव्ह जोडून पासवर्ड सेव्ह केला होता. नंतर त्यांनी पासवर्ड बदलला, पण ते मशीन बिचारं जुनाच पाठवत राहिलं. तो काढून टाकला आणि सहावं तिकीट आलंच नाही.

या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी मॅनेजरांनी मला उभं करून त्या चाळीस मिनिटांचा जाब विचारला. आधीच्या पाच तिकिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही नॉलेज बेसमध्ये, टीमच्या उपायांच्या संग्रहात, तो उपाय लिहून ठेवलात आणि खाली लेखक म्हणून माझं नाव टाकलंत. तो लेख मी किती वेळा उघडून पाहिला असेन!

१९ जुलै २०२४चा शुक्रवार तर तुम्हीही विसरला नसाल. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. आमच्याकडे कॉलची रांग संपता संपेना. मशीन सेफ मोडमध्ये न्यायचं, एक फाइल उडवायची, पण त्याआधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की हवी. ४८ आकडे, तेही फोनवरून. मी घाईघाईने वाचत होते, युजर चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही माझ्या वहीवर लिहिलंत, ‘सहा आकडे. थांब. त्यांना परत म्हणायला सांग.’ ती की सहा-सहाच्या आठ गटांतच असते, पण घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्या दिवशी वरून दर तासाला फक्त ‘किती झाले?’ एवढाच मेसेज येत होता. पाणी प्यायला उठा असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे.

एसएलए, म्हणजे तक्रार सोडवायची क्लायंटशी ठरलेली मुदत, मोडायला दहा मिनिटं उरली की तिकीट ‘युजर पेंडिंग’ला टाकायचं, म्हणजे घड्याळ थांबतं, ही आमच्याकडची रीतच होऊन बसली होती. युजरला काही विचारलेलं नसायचं. तो बिचारा आपला वाट बघत बसलेला. मीही टाकत होते, कारण ग्रुपवर तसा मेसेज आला होता. क्लायंटने एक तिकीट पकडलं आणि ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळे एकत्र असलेल्या कॉलवर, विचारलं, ‘हे पेंडिंगला कोणी टाकलं?’ मॅनेजरांनी माझं नाव घेतलं. पुढे म्हणाले, नवीन आहे, तिच्याकडून चूक झाली. माझा घसा कोरडा पडला होता. तेवढ्यात तुमच्या नावापुढचा माईक सुरू झाला.

‘तशी सूचना आम्हा सगळ्यांना लेखी आली होती. मीही वाचली आहे. तिने एकटीने ठरवलेलं नाही.’

बस, तीन वाक्यं. आवाज चढला नाही, कुणावर आरोप नाही. त्या वर्षी तुमचं रेटिंग खाली आलं हे मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. त्याचा सल अजून आहे, ताई. त्या कॉलवर मी स्वतः का बोलले नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय.

आता कंपनी वेगळी आहे आणि एक शिफ्ट माझ्याकडे आहे. शिफ्ट संपताना पेंडिंगमधलं प्रत्येक तिकीट मी उघडून बघते, युजरला खरंच काही विचारलंय का. नसेल तर घड्याळ परत सुरू करते. एसएलए मोडला तर खुलाशाचा मेल माझ्या नावाने जातो, मुलांच्या नाही.

त्या दिवशी कॉल संपल्यावर मी तुम्हाला चॅटवर काहीतरी टाइप केलं होतं आणि न पाठवताच पुसून टाकलं होतं. ते एवढंच होतं: ताई, थँक यू.

तुमची,
शेजारच्या खुर्चीवरची