शेवटचा आठवडा शाळेकडे राहू द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कोणत्या देशाचे मंत्री, हे या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. कॅथलिक मुलींच्या शाळा जगभर आहेत. जपानात वर्ष मार्चमध्ये संपतं, युरोपात बहुतेक ठिकाणी जून-जुलैच्या सुमारास, ऑस्ट्रेलियात डिसेंबरात. ज्या मंत्र्यांना पुढचं वाचून ‘हे आमच्याच खात्याचं आहे’ असं वाटेल, त्यांनी पत्र आपल्यालाच आहे असं खुशाल समजावं.

मी अशा एका शाळेत वर्गशिक्षिका आहे. स्वतः कॅथलिक नाही, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलीही नाहीत. तक्रार एवढीच की शेवटचा पेपर झाला की खात्याच्या लेखी शाळा रिकामी होते. मग नेमकी त्याच आठवड्यात पोर्टलवर माहिती भरायची मुदत येते, प्रशिक्षणं लागतात, बदल्यांचे आदेश निघतात. आम्ही संगणकापुढे आणि मुली व्हरांड्यात.

प्रत्यक्षात त्या दिवसांत शाळा गजबजलेली असते. ग्रंथालयाची पुस्तकं परत येत असतात, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजल्या जात असतात, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातले एकेकटे मोजे धनी शोधत असतात. निवृत्त होणाऱ्या सिस्टरसाठी गाणं बसवायचं असतं आणि ते तिला कळू द्यायचं नसतं. (तिला ते पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.) मग होते आभाराची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर मुली वर्षभराच्या खुणा वेदीकडे नेतात: एखादा डाग पडलेला लॅबकोट, व्हॉलीबॉल, आणि आमच्याकडे प्रत्येक वर्गाचा हजेरीपटही. मिस्सेला बसायचं की नाही, हे ज्या त्या मुलीवर आणि तिच्या घरच्यांवर आहे. मी मागच्या बाकावर असते आणि माझं लक्ष त्या हजेरीपटावर असतं. कोणाच्या नावापुढे शेवटच्या दोन महिन्यांत गैरहजेरीच्या खुणा वाढल्या, ते मला पाठ असतं. पुढच्या वर्षी कोण येणार नाही, याचा अंदाज निकालापेक्षा त्या पानावर आधी येतो.

मुलींच्या शाळेत वर्षअखेर वेगळी असते ती इथे. निकाल आणि पुढचा प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत अनेक घरांत मुलीचं ठरतं. पुढे शिकवायचं, घरी बसवायचं, की कुठे कामाला लावायचं? भांडण होत नाही, कोणी नाही म्हणत नाही. प्रवेशाची तारीख तेवढी निघून जाते.

म्हणून निकाल आम्ही पालकांच्या हातात देतो. एकदा एका मुलीचे वडील थेट दाखला मागायला आले. गुण चांगले होते. ‘पुरे झालं आता, धाकट्याचंही बघायचंय,’ असं म्हणून ते उभेच राहिले. मुख्याध्यापिका सिस्टर ‘दाखला आजच मिळेल, पण आधी बसा’ म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. शिष्यवृत्तीचा अर्ज, फीची सवलत, येण्याजाण्याची सोय, धाकट्याची शाळा, सगळं निघालं. मुलगी दाराबाहेर उभी राहून मॉनिटरच्या बिल्ल्याची पिन उघडत आणि लावत होती. वडील दाखला न घेता गेले. दर वेळी असं जमत नाही, पण पालक समोर बसल्याशिवाय तर कधीच जमत नाही. आमच्याकडे निकाल आदल्या रात्री पोर्टलवर गेला त्या वर्षी बरेच पालक फिरकलेच नाहीत. मोबाइलवर गुण दिसतात. तिथे खुर्ची पुढे सरकवायला कोणी नसतं.

मुलींना शाळेत टिकवण्याचा हट्ट या शाळांना नवा नाही. अँजेला मेरिचीने १५३५ साली इटलीतल्या ब्रेशियात ज्या मंडळाचा पाया घातला, त्या उर्सुलाइन सिस्टरांच्या परंपरेने पुढे मुलींचं शिक्षण हेच आपलं काम मानलं. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने १६०९ च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या सेंत-ओमेर इथे काम सुरू केलं. मठाच्या भिंतीआड न राहता मुलींना शिकवणाऱ्या स्त्रिया तेव्हा चर्चलाच पटल्या नाहीत. १६३१ मध्ये पोपच्या आदेशाने तिची संस्था बरखास्त झाली आणि ती स्वतः म्युनिकमध्ये कैदेत पडली. फ्रान्सच्या सरकारने १९०४ च्या कायद्याने धर्मसंघांना शिकवायलाच बंदी केली. त्या मानाने आमचा त्रास किरकोळ, हे मान्य. पण पोर्टलच्या मुदतीमुळेही मुलगी सुटते.

दुसरी अडचण पंचांगाची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, कारण तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. जिथे वर्ष मार्च-एप्रिलमध्ये संपतं, तिथे वार्षिक परीक्षा कधी पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, घुसते, कधी नाही. पेपर आणि गुड फ्रायडे यांच्यामध्ये मुलींची ओढाताण होते आणि समारोप कसातरी उरकावा लागतो. ईस्टरची तारीख अनेक वर्षं आधी काढता येते. वेळापत्रक करणाऱ्याने एकदा तेवढं पाहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

आपण म्हणाल, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत प्रार्थनेसाठी दिवस का द्यायचे? रास्त प्रश्न आहे. मिस्सेसाठी मी काहीच मागत नाही, ती तासाभरात आटपते. मी पालकभेटींसाठी दिवस मागते आहे, आणि ते कोणत्याही धर्माच्या, किंवा धर्म नसलेल्या, मुलींच्या शाळेलाही मिळावेत.

आमचंही सगळं शहाणपणाचं चालतं असं नाही. बक्षीस समारंभ हा आमचा जुना सोस. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत बक्षिसं कशी द्यावीत याचे नियम आहेत, तेही मुलग्यांच्या शाळांसाठी. ते बघून आम्ही सुरू केलं की आपलं आपणच, कोण जाणे, पण लांबवण्यात आम्ही पुढे गेलो. त्याच त्या चार मुली वर-खाली करतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवून थकतात. निरोप समारंभाचे कपडेही दरवर्षी महाग होत चाललेत. गणवेशावरच निरोप द्यावा, असं माझं मत, जे दहावीच्या मुलींना अजिबात पटत नाही. हे आमचं आम्ही सुधारू. आपण कधी प्रमुख पाहुणे म्हणून आलात, तर भाषण छोटं ठेवून थोडा हातभार लावावा.

मागणं फार मोठं नाही. शेवटच्या पेपरनंतरचा आठवडा कामकाजाचे दिवस म्हणून धरावा, म्हणजे मुलींना बोलवायला आम्हाला आधार राहील. निकाल पोर्टलवर टाकायचाच असेल, तर शाळेत पालकांच्या हाती दिल्यानंतर दोन दिवसांनी टाकावा. माहिती भरण्याची मुदत आणि प्रशिक्षणं सुट्टी लागण्याआधी पण त्या आठवड्यानंतर ठेवावीत. वर्गशिक्षिकेची बदली करायची असेल तर पालकभेटी संपल्यावर करावी, कारण नव्या बाईंना तो हजेरीपट वाचता येत नाही. आणि नवीन वर्षाच्या दहाव्या दिवशी प्रत्येक शाळेला एकच विचारावं: गेल्या वर्षीच्या पटावरच्या कोणत्या मुली आल्या नाहीत, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं? हे विचारलंत, तर आमच्याकडून उत्तर वेळेत येईल.

आपली नम्र,
एका कॅथलिक मुलींच्या शाळेतली वर्गशिक्षिका