येशूला 'मानतात' म्हणजे नेमके काय करतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला येशूवरचा लेख, त्याखालचा तक्ता आणि शेजारची काश्मीरची चौकट असे तिन्ही वाचले. मुखपृष्ठ देखणे होते, कागदही नेहमीपेक्षा बरा होता. तक्त्याबद्दल मात्र असे काही चांगले लिहिता येत नाही. डावीकडे धर्माचे नाव, उजवीकडे 'मानतात' किंवा 'मानत नाहीत'. ख्रिस्ती मानतात, मुस्लिम मानतात, हिंदू मानतात, बहाई मानतात, ज्यू मानत नाहीत. पाणीपट्टी भरली की थकली, तेवढ्या सहजतेने दोन हजार वर्षांचा वाद आपण पाच ओळींत निकालात काढलात.

मराठीतले 'मानणे' हे क्रियापद फार सोयीचे आहे. आपण डॉक्टरांना मानतो, शेजारणीला बहीण मानतो, गवयाला मानतो आणि देवालाही मानतो. 'मुस्लिम येशूला मानतात' हे वाक्य म्हणून खरेही आहे आणि निरुपयोगीही. काय म्हणून मानतात, हे त्यात कुठेच नाही आणि सगळा मतभेद तर तिथेच आहे.

कुराणात ईसा (म्हणजे येशू) हे नाव २५ वेळा येते आणि त्यांच्या आईचे, मरियमचे, ३४ वेळा. कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. १९वी सूरा (अध्याय) तिच्याच नावाची आहे. कुमारीच्या पोटी जन्म मान्य. पाळण्यात असताना बोलणे, मातीच्या पक्ष्यात फुंकर घालून प्राण आणणे, आंधळ्याला दृष्टी देणे, मेलेल्याला उठवणे, हे सगळे अल्लाहच्या आज्ञेने घडले म्हणून मान्य. 'मसीह' (अभिषिक्त) ही पदवी मान्य. ते पुन्हा येणार हेही मान्य. देवाचे पुत्र मात्र अमान्य, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) अमान्य आणि क्रुसावरचा मृत्यूही अमान्य. चौथ्या सूरेतली १५७वी आयत (वचन) स्पष्ट सांगते की त्यांना मारले नाही, क्रुसावर चढवले नाही, लोकांना तसे भासवले गेले. कुमारीच्या पोटी जन्मले म्हणजे देवाचे पुत्रच ठरतात, या युक्तिवादालाही तिसऱ्या सूरेत (५९वी आयत) उत्तर आहे: ईसांचे उदाहरण आदमसारखे. आदमला तर आईही नव्हती, पण म्हणून त्याला कोणी देव म्हणत नाही.

आता ख्रिस्ती बाजू. येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. म्हणजे मुस्लिमांना जे अमान्य, त्याच्यावरच ख्रिस्ती श्रद्धेची सारी इमारत उभी आहे. आणि आपल्या तक्त्यात मात्र दोघांसमोर एकच शब्द: 'मानतात'.

हे एक वेळ खपले असते. पण चौकटीचे काय करायचे? 'मुस्लिम परंपरेनुसार येशूची कबर श्रीनगरमध्ये आहे', असे ठळक अक्षरांत, फोटोसह. श्रीनगरच्या खानयार भागात रोजाबल नावाची वास्तू आहे, एवढा भाग बरोबर. पुढचे सगळे घसरले आहे, आणि ते का घसरले हे समजून घेण्यासारखे आहे.

बहुसंख्य मुस्लिमांच्या श्रद्धेप्रमाणे ईसांना अल्लाहने जिवंत वर उचलून घेतले. ते अजून मेलेलेच नाहीत, तर कबर कुठून येणार? शेवटच्या काळात ते पुन्हा उतरतील आणि मग त्यांना मृत्यू येईल. मदिनेत पैगंबरांच्या कबरीशेजारी त्यांच्यासाठी जागा मोकळी राखली आहे, अशीही समजूत आहे. ख्रिस्त्यांच्या लेखी कबर आहे, ती जेरुसलेममध्ये, आणि ती रिकामी आहे. रिकामी आहे म्हणूनच तिचे महत्त्व. म्हणजे श्रीनगरात येशू पुरलेला आहे असे म्हणताना आपण एकाच वाक्यात दोन्ही धर्मांना खोटे पाडलेत, आणि वर त्यातल्या एकाच्या तोंडी ते वाक्य घातलेत.

ही कबर येशूची असे आग्रहाने मांडले ते पंजाबातल्या कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी (१८३५–१९०८), म्हणजे अहमदिया पंथाच्या संस्थापकांनी. येशू क्रुसावर बेशुद्ध झाला, जिवंत उतरवला गेला, मलमाने त्याच्या जखमा भरल्या, इस्राएलच्या हरवलेल्या वंशांच्या शोधात तो पूर्वेकडे आला आणि १२० वर्षांचा होऊन काश्मिरात वारला, अशी ती मांडणी. ती कशासाठी होती, हे आपल्या चौकटीत नाही. येशू साध्या माणसासारखा मेला असेल, तर परत येणारा मसीह तोच असू शकत नाही; त्याच्या गुणांचा दुसरा कोणीतरी यावा लागतो. तो दुसरा म्हणजे आपणच, हा मिर्झांचा दावा होता. कबर हा त्या दाव्याचा पाया आहे. 'मुस्लिम परंपरा' असे त्याला म्हणणे म्हणजे ज्यांना ही गोष्ट सर्वांत जास्त अमान्य आहे त्यांच्याच नावावर ती चढवणे. पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. ते योग्य झाले असे माझे अजिबात म्हणणे नाही. पण हा भेद किती टोकाचा आहे, एवढे तरी उपसंपादकांच्या कानावर असायला हवे होते.

आणि त्या कबरीतले नाव येशूचे नाहीच. ते आहे यूज आसफ. हे नाव अभ्यासकांना वेगळ्याच कथेतून चांगले ओळखीचे आहे. राजवाड्यात वाढलेला, दुःख आणि मृत्यू पाहून विरक्त झालेला राजपुत्र ही बुद्धाची कथा पश्चिमेकडे गेली. 'बोधिसत्त्व'चे 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत ब आणि य यांत फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा: ब ला खाली एक, य ला खाली दोन. लेखनिकाचा एक नुक्ता जास्त पडला आणि बूदासफचा यूदासफ झाला, तोच हा यूज आसफ. हीच कथा पुढे ग्रीकमधून युरोपात पोहोचली, तिथे राजपुत्राचे नाव जोसाफत झाले आणि तो चक्क ख्रिस्ती संतांच्या यादीत जाऊन बसला. म्हणजे नावाचा माग काढत गेलात तर खानयारहून आपण बेथलेहेमला पोहोचत नाही, कपिलवस्तूला पोहोचतो! चौकट याच्यावर केली असती तर पुरवणी जपून ठेवली असती.

त्याच चौकटीत लडाखच्या हेमिस मठातली, येशू भारतात आल्याचे सांगणारी 'गुप्त हस्तलिखिते' आहेतच. ती निकोलस नोतोविच या रशियन गृहस्थांनी १८९४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकातून आलेली. त्याच वर्षी संस्कृत पंडित मॅक्सम्युलर यांनी त्यावर शंका घेतली, आणि १८९५ साली आग्ऱ्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला जाऊन मठाच्या प्रमुखांना भेटले. असा कोणताही ग्रंथ आपल्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले. सव्वाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आपण 'नवे संशोधन' म्हणून छापलीत. शिवाय ही दोन प्रकरणे एकमेकांना धरून नाहीत. नोतोविचचा येशू तरुणपणी भारतात येऊन परत जातो आणि तिकडे क्रुसावर मरतो. मिर्झांचा येशू क्रुसानंतर येतो आणि इथेच मरतो. आपल्या चौकटीत दोघे एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात.

ज्यूंच्या ओळीकडे वळतो. 'मानत नाहीत.' ज्याच्याबद्दल हे लिहिले तो स्वतः ज्यू होता, हे लेखात एकदाही आलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानात आठव्या दिवशी त्याची सुंता झाल्याची नोंद आहे. २५ डिसेंबरपासून आठवा दिवस मोजून पाहा, १ जानेवारी येतो. म्हणूनच शतकानुशतके ख्रिस्ती पंचांगात १ जानेवारी हा सुंतेचा सण होता. क्रुसावरची पाटी इब्री (हिब्रू), लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती: 'येशू नासोरी, यहूद्यांचा राजा'. आपण छापलेल्या क्रुसाच्या चित्रातही वर आय. एन. आर. आय. ही अक्षरे आहेत. ती त्याच पाटीच्या लॅटिन मजकुराची आद्याक्षरे.

ज्यू धर्माचा प्रश्न वेगळा आहे. मसीहाने करायची कामे ठरलेली आहेत: जेरुसलेमचे मंदिर पुन्हा उभे राहावे, विखुरलेले इस्राएल एकत्र यावे, राष्ट्राराष्ट्रांतली युद्धे थांबावीत. हे न होता जो मेला तो मसीहा नव्हे, एवढा साधा हिशेब. १२०४ साली वारलेल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने तर असेही लिहून ठेवले की येशू आणि महंमद यांच्यामुळे जगभर देवाचे आणि मसीहाचे नाव पोहोचले, वाट मोकळी झाली. (सेन्सॉरने छापील प्रतींतून हा भाग काढून टाकला होता, ही गंमत निराळी.) 'मानत नाहीत' म्हटले की कोणी हुज्जत घालत उभा आहे असे वाटते. प्रत्यक्षात ज्यू प्रार्थनेत येशू नाहीच, नाकारण्यापुरतासुद्धा नाही. हे पाहायला इस्राएलला जायची गरज नव्हती. आपल्या रायगड जिल्ह्यात मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अलिबागेत इस्राएल आळी आहे. ते मलिदा (पोह्यांचा नैवेद्य) करतात तो एलियाहू हनावींच्या नावाने, म्हणजे मसीहाच्या आधी जो यायचा आहे त्या संदेष्ट्याच्या. ख्रिस्ती म्हणतात तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. कोकणातल्या मलिद्याच्या ताटापाशी तो अजून यायचाच आहे.

खरोखर 'मानत नाहीत' लिहायचेच होते तर मंदाई लोकांपुढे लिहायचे. दक्षिण इराक आणि इराणच्या खुझिस्तानातला हा छोटा धर्म योहानाला मान देतो आणि येशूला खोटा संदेष्टा म्हणतो. ते तक्त्यात नाहीतच.

लेखातल्या 'हिंदू अवतार मानतात' या वाक्यावर फार लिहीत नाही, कारण कोणते हिंदू हे आपणही सांगितलेले नाही. रामकृष्ण मिशनच्या बेलूर मठात नाताळच्या आदल्या संध्याकाळी येशूची पूजा होते, हे खरे. पण अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि ख्रिस्ती शिकवणुकीत देवाचे देही होणे एकदाच घडते. त्यामुळे हिंदू ज्या अर्थाने अवतार म्हणतात, तो चर्चला चालत नाही. ख्रिस्त्यांमध्येही सगळे एकमताचे आहेत असे समजू नये. ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेत पुत्र हा पित्याशी एकतत्त्व ठरला, ४५१ साली खल्केदोनच्या परिषदेत त्याचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव ठरले. तो दुसरा ठराव न मानणारी चर्चेस आजही इजिप्त, आर्मेनिया, इथिओपिया आणि आपल्या केरळात आहेत.

तक्ताच करायचा तर निदान सहा रकाने लागतात: जन्म, पदवी, देवत्व, क्रूस, कबर, पुनरागमन. एवढे केले असते तर 'कबर' या रकान्यापाशीच चौकट कोसळलेली दिसली असती आणि छापण्यापूर्वी कोणीतरी फोन केला असता. आणि मराठी वर्तमानपत्रात 'ईसाई' कशासाठी? मराठीत 'ख्रिस्ती' हा सुटसुटीत शब्द आहे. तसेच 'ख्रिस्त' हे येशूचे आडनाव नव्हे. इब्रीतला माशिअह, अरबीतला मसीह आणि ग्रीकमधला ख्रिस्तोस यांचा अर्थ एकच, अभिषिक्त. 'ईसा हे येशूचे अरबी भाषांतर' हेही अर्धवटच. अरब ख्रिस्ती त्याला यसूअ म्हणतात, ईसा हे कुराणातले रूप.

दुरुस्ती छापणार असाल तर हवामान आणि भरती-ओहोटीच्या मध्ये नको. चौकट ज्या पानावर आणि ज्या आकारात होती, तिथेच हवी.

जाता जाता, त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावरच्या शब्दकोड्यात ७ आडवा: 'ख्रिस्ती धर्माचा संस्थापक, दोन अक्षरे'. येशूच्या हयातीत 'ख्रिस्ती' हा शब्दच नव्हता. शिष्यांना ते नाव प्रथम अंत्युखिया शहरात मिळाले, त्याच्यानंतर. पुढच्या वेळी 'मरियेचा पुत्र' असा संकेत द्यावा. ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघेही कोडे सोडवू शकतील, अक्षरे दोनच राहतील आणि ५ उभा बदलावा लागणार नाही.

आपला,
एक वर्गणीदार, वसई