महाराजबागेजवळच्या पंक्चरवाल्या काकांचे आभार

मंगळवारी भर दुपारी नागपुरात झिरो माइलजवळ गाडी बसली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या एका पोरानं ती माझ्यासोबत महाराजबागेपर्यंत ढकलली. नाव विचारायच्या आत गेलाही.

झाडाखाली काका गुणगुणत ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. ठिगळ लागलं, मी पैसे काढले.

"थांबा ना जी, घाई काऊन करून राहिले?"

टायरच्या आतून बोटं फिरवत बसले. सापडला! बाभळीचा काटा. तो उन्हाकडे धरून असे हसले, जणू लॉटरीच लागली. "हा राहिला असता तर उद्या पुन्हा आले असते माझ्याकडं." (धंद्याच्या दृष्टीनं चूकच म्हणायची.) पैसे एकाच पंक्चरचे घेतले, वर माठातलं पाणी पाजलं.

काका, आणि तू दुपट्टेवाल्या भावा, मनापासून आभार. चाकातली हवा अजून टिकून आहे.