दिलेल्या पानावर तो लेख नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वर्गणीदार ग्रंथालयाला आपल्या एआय शोधसाधनाने दिलेले चुकीचे संदर्भ आणि आधीच्या तक्रारीला मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय/महोदया,

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग पाहते. आपले शोधसाधन आम्ही वर्षाच्या वर्गणीवर घेतले, त्याला दहा महिने झाले. गेल्या महिन्यात मी ईमेलने तक्रार केली होती. उत्तर दोन ओळींचे आले: साधनाकडून चुका होऊ शकतात, तशी सूचना प्रत्येक उत्तराच्या तळाशी असते. करड्या रंगातली, बारीक अक्षरातली ती सूचना मी वाचलेली आहे. तेवढ्याने जबाबदारी संपत असती तर आम्हीही प्रत्येक पुस्तकावर ‘यातील काही पाने नसू शकतात’ असा शिक्का मारून मोकळे झालो असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी अकरा संदर्भांची छापील यादी घेऊन माझ्या टेबलाशी आली. विषय परीक्षेचा ताण आणि झोप. दहा लेख तिला मिळाले होते, अकरावा काही केल्या सापडत नव्हता, आणि शोधण्यात आपलेच काहीतरी चुकतेय असे समजून ती दीड दिवस धडपडत होती. संदर्भात खटकण्यासारखे काही नव्हते. दोन्ही लेखक त्या विषयातले, नियतकालिक नावाजलेले, खंड, अंक, पृष्ठे २११ ते २२८. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, तोसुद्धा होता: १० ने सुरू होणारा, प्रकाशकाचा क्रमांकही बरोबर. टाकून पाहिला तर असा डीओआय नोंदलेलाच नाही. मी तळघरातून त्या वर्षाचा बांधीव खंड वर आणला, धूळ झटकली. पान २११ वर एका पुस्तकाचे परीक्षण होते, तेही मधूनच सुरू झालेले. त्या दोन लेखकांनी मिळून लिहिलेला एकही लेख मला कुठल्याच डेटाबेसमध्ये आढळला नाही.

भाषेची मॉडेल्स शोभेलसा पुढचा शब्द जुळवत जातात, हे मला ठाऊक आहे. पण प्रात्यक्षिकाच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी आम्हाला नेमके उलटे सांगितले होते: आमचे साधन आधी खऱ्या लेखांच्या साठ्यात शोधते आणि जे हाती लागते त्यावरूनच उत्तर लिहिते. त्या भरवशावर आम्ही वर्गणी भरली. मग साठ्यात नसलेला लेख उत्तरात कुठून आला, हे मला लेखी हवे आहे.

खरे सांगायचे तर या अकराव्या लेखाचा त्रास कमी. तो नाही, हे निदान तपासून कळते. घोर लागतो तो सापडलेल्या दहांचा. त्यातल्या एका लेखाबद्दल साधनाने लिहिले, ‘अपुऱ्या झोपेमुळे गुण घटतात असे या अभ्यासात दिसून आले’, आणि पुढे त्या संदर्भाचा निळा आकडा. लेख उघडला तर लेखकांना तसा संबंध आढळलाच नव्हता. मग हे वाक्य आले कुठून? गोषवाऱ्याच्या दुसऱ्या ओळीतून. तिथे लेखकांनी आपले गृहीतक मांडले होते, साधनाने तेच निष्कर्ष म्हणून उचलले. निकाल चार ओळी खाली होता. पूर्ण लेख आमच्या वर्गणीत आहे, पण साधनाने गोषवाऱ्यापलीकडे काही पाहिल्याचे दिसत नाही, आणि तसे ते कुठे सांगतही नाही. तो निळा आकडा पाहून विद्यार्थी समजतात की कुणीतरी हे वाचलेले आहे. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

साधन टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. ‘हार्ट अटॅक’ एवढेच लिहिणाऱ्या मुलाला ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या त्याच्या वैद्यकीय नावाखालचे लेख ते झटक्यात दाखवते. नेमका शब्द माहीत नसलेल्याला दार उघडून देणे ही मोठीच सोय आहे. पण एकच प्रश्न मी १२ तारखेला आणि पुन्हा १९ तारखेला शब्दाचाही फरक न करता विचारला, तेव्हा याद्या वेगळ्या आल्या. एखाद्या प्रश्नावरचे सगळे संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्याने करायचे काय? अशा आढाव्यांसाठीच्या ‘प्रिझ्मा’ या २०२० च्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक डेटाबेसमध्ये कसा शोध घेतला ते गाळण्यांसकट जसेच्या तसे द्यावे लागते. आपल्या साधनात ते उतरवून घेण्याची सोयच नाही.

छापल्यानंतर सदोष ठरून नियतकालिकाने मागे घेतलेल्या लेखांचेही तसेच. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘द लॅन्सेट’मधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे मध्ये बारा वर्षे गेली. अशा लेखांवर ठळक खूण नको का? अशा लेखांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंद २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे. ती जोडून घ्यायला अडचण काय आहे ते कळले नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. प्रत्येक संदर्भापुढे ‘फक्त गोषवारा पाहिला’ की ‘पूर्ण लेख पाहिला’ हे स्पष्ट लिहावे. डीओआय उघडतो की नाही हे यादी देण्याआधी साधनाने स्वतः तपासावे. कुठल्या साठ्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी शोधले याची नोंद उतरवून घेता यावी. यातले काय आणि कधी होणार ते पंधरा दिवसांत कळवावे, आणि होणार नसेल तर उरलेल्या दोन महिन्यांची वर्गणी परत करावी. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे छापले आहे: वाचकाचा वेळ वाचवा. त्या मुलीच्या दीड दिवसाचा हिशेब मी मागत नाही, पण ते सूत्र तरी तिथून काढावे.

नूतनीकरणाचा अर्ज माझ्याकडे सहीसाठी आला आहे. सध्या तो त्या बांधीव खंडात, पान २११ वर ठेवला आहे.

कळावे,

आपली,
ग्रंथपाल, संदर्भ विभाग

सोबत : अकरा संदर्भांची यादी, पान २११ ची छायाप्रत, १२ आणि १९ तारखेच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट